अणदूरचें आकाश आणि आदिप्रकाश

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नळदुर्गचा किल्ला व बोरी नदीचें पात्र मागें टाकून थोडा पुढें गेला म्हणजे अणदूर लागतें. गांव तुळजापूर तालुक्यांतलें. १९४८ पर्यंत येथें निजामाचा अंमल होता; १९६० पासून आम्ही महाराष्ट्रांत आहों; आणि ज्या जिल्ह्याला आमच्या लहानपणीं उस्मानाबाद म्हणत, त्याचें धाराशिव हें जुनें नांव २०२३ पासून सरकारदरबारींही रूढ झालें आहे. काळी जमीन, तिच्या कडेनें मुरमाड माळ, ज्वारी-तुरीचीं शेतें आणि पावसाची नित्याची ओढ, एवढ्यांत गांवाचें बाह्य वर्णन आटोपतें.

परक्या माणसाला अणदूर ठाऊक असतें तें श्रीखंडोबामुळें. येथील रिवाज असा कीं, देव एक आणि देवळें दोन. वर्षांतले सव्वादहा महिने देव अणदुरांत असतो व पावणेदोन महिने नळदुर्गास जाऊन राहतो. पौषी पौर्णिमेस नळदुर्गास मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत भंडाऱ्याची अशी कांहीं उधळण होते कीं, रस्ते, पायऱ्या, माणसें, बैलांचीं शिंगें, सारें पिवळें होऊन जातें. त्या पिवळ्या धुराळ्यांत पांढरा अंगरखा कोणाचा आणि तांबडें पागोटें कोणाचें, हें क्षणभर ओळखूं येत नाहीं. वाचकांनीं हा भंडारा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आज लिहावयाचें आहे तें ह्या गांवावरील आकाशाविषयीं. अवसेच्या रात्रीं दिव्यांपासून दूर माळावर उभें राहिलें तर आकाशगंगेचा पट्टा अजूनही दिसतो. त्यांतील ताऱ्यांचा प्रकाश शेंकडों किंवा हजारों वर्षांपूर्वीं निघालेला असतो, हें आतां शाळेंतलीं मुलेंही सांगतात. परंतु त्याहून कितीतरी जुना असा एक प्रकाश त्याच माळावर रात्रंदिवस, सर्व दिशांनीं येत असतो, आणि तो आपल्या डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं.

विश्वाचें वय सुमारे १३८० कोटी वर्षें आहे असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तें अवघ्या ३ लक्ष ८० हजार वर्षांचें असेपर्यंत सर्वत्र इतकी उष्णता होती कीं, इलेक्ट्रॉन अणूंत बांधले न जातां मोकळे फिरत, आणि प्रकाशकिरण त्यांच्यावर पदोपदीं आदळून विखुरला जाई. दाट धुक्यांत कंदील लावला म्हणजे जशी उजेडाची नुसती पांढुरकी भिंत दिसते, तशी ती अवस्था. पुढें विश्व प्रसरण पावतां पावतां उष्णतामान सुमारे तीन हजार अंशांवर उतरलें, इलेक्ट्रॉन अणूंत स्थिरावले, धुकें निवळलें आणि प्रकाश मोकळा झाला. विश्वाच्या प्रसरणाबरोबर तोही सुमारे अकराशें पट ताणला गेला, व आज सूक्ष्मलहरींच्या रूपानें आपल्यापर्यंत पोंचतो. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश, एवढीच आतां त्याची ऊब उरली आहे. परिभाषेंत ह्याला सूक्ष्मलहरींचें पार्श्वप्रारण म्हणतात. मी सोयीसाठीं आदिप्रकाश म्हणेन. एका घन सेंटिमीटर जागेंत त्याचे सुमारे चारशें कण असतात. म्हणजे आंगणांत बसून आचमनाची पळी हातीं घेतली, तर तेवढ्याशा जागेंत दोनेक हजार कण सांपडावयाचे.

हा प्रकाश सांपडला तोही झाडलोटींतून. १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सीमधील होल्मडेल येथें आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन ह्या दोघांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनांत एक बारीक गुणगुण सतत ऐकूं येई. अँटेनांत कबुतरांनीं घर केलें होतें. त्यांना हुसकावून त्यांची घाण धुऊन काढली, तरी गुणगुण थांबेना. अखेर ती आकाशाचीच आहे असें ठरलें, आणि १९७८ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

माझा नातू नववींत शिकतो. हें सारें ऐकून त्यानें विचारलें, "आजोबा, हा प्रकाश टिपणारी दुर्बीण आपल्याकडे आहे का?" मी म्हणालों, "जुन्नर तालुक्यांत खोडदला एक मोठी दुर्बीण आहे. ती पाहूं, मग ठरवूं." दरवर्षीं २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनीं, ती सर्वांना पाहावयास मिळते. म्हणून आदल्या दिवशीं निघून आम्ही सोलापूर गांठलें, तेथून आगगाडीनें पुणें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे नाशिकच्या रस्त्यानें नारायणगांव व तेथून खोडद.

द्राक्षांचे मळे व टोमॅटोचीं शेतें ह्यांच्यामधून जातां जातां एकाएकीं त्या थाळ्या दिसूं लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकंदर तीस. त्यांपैकीं चौदा मध्यवर्ती आवारांत जवळजवळ आहेत, आणि बाकीच्या तीन दिशांना, एकंदर सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारांत, पसरल्या आहेत. सर्व मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीचें काम करतात. ह्या योजनेचे शिल्पकार प्रो. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०). त्यांनीं थाळीसाठीं भरीव पत्रा न वापरतां दोरांच्या ताणावर बारीक तारेची जाळी बसविली. त्यामुळें वजन घटलें, वाऱ्याचा जोर जाळींतून निघून जाऊं लागला आणि खर्चही आटोक्यांत राहिला. गरीब देशानें मोठें काम कसें करावें, ह्याचा तो वस्तुपाठच होय.

परंतु नातवाच्या प्रश्नाचें उत्तरही त्या जाळींतच होतें. खोडदची दुर्बीण ज्या लहरी ऐकते, त्यांची लांबी सुमारे वीतभर किंवा त्याहून अधिक असते. त्यांना ही जाळी भरीव भिंतीसारखीच वाटते. आदिप्रकाशाच्या लहरी मात्र मुख्यतः मिलिमीटरभर-दोन मिलिमीटरांच्या. रव्याच्या चाळणींत पीठ घातलें तर तें जसें खालीं गळून जातें, तशा त्या ह्या जाळींतून निसटून जावयाच्या. मुलगा किंचित् हिरमुसला. "मग तो प्रकाश पाहणारी दुर्बीण आहे तरी कोठें?" त्याचें उत्तर शोधीत दुसऱ्या दिवशीं परवानगी काढून आम्ही पुणें विद्यापीठाच्या आवारांतील 'आयुका' ह्या संस्थेंत गेलों.

चार्ल्स कोरिया ह्यांनीं रचिलेली ही वास्तु पाहण्यासारखी आहे. मधोमध कुंडासारखें पायऱ्यांचें आंगण असून त्याच्या भोंवतीं आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन असे चौघेजण पुतळ्यांच्या रूपानें उभे आहेत. संस्थेचे पहिले संचालक डॉ. जयंत विष्णु नारळीकर. १९३८ सालीं कोल्हापुरास जन्म, वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीस गणिताचे प्राध्यापक, मातोश्री संस्कृतज्ञ. स्वतः केंब्रिजास फ्रेड हॉईल ह्यांचे शिष्य. १९८८ सालीं त्यांनीं ही संस्था उभी केली व २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले. मराठी घरांत त्यांच्या विज्ञानकथा ठाऊक नाहींत असें क्वचित् आढळेल.

त्यांच्याविषयींची एक गोष्ट मात्र तितकीशी बोलली जात नाहीं. आदिप्रकाश हा महास्फोटाचा अवशेष होय, हें मत नारळीकरांना कधींच पटलें नाहीं. ताऱ्यांचाच प्रकाश अंतराळांतील लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांवर पडून ह्या रूपाला येत असावा, असा हॉईल, बर्बिज व ते ह्यांचा पक्ष होता. निरीक्षणें ह्या पक्षाला अनुकूल आलीं नाहींत, व जगांतील बहुतेक विद्वानांनीं तो स्वीकारला नाहीं. तथापि नारळीकरांनीं स्थापिलेल्या ह्याच संस्थेंत डॉ. तरुण सौरदीप व त्यांचे विद्यार्थी महास्फोटाचें मत प्रमाण धरून वर्षानुवर्षें आदिप्रकाशाचा अभ्यास करीत होते. आमच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधीं पुरतेपणीं मांडून मग त्याचें खंडन करण्याची रीत आहे. ग्रंथांत ती पाळणें सोपें. पण आपल्याच घरांत प्रतिपक्षाला ओसरी, माजघर व दिवाबत्ती देणें कठीण. नारळीकरांचें हें मोठेपण त्यांच्या कोणत्याही सिद्धांताहून मला कमी मोलाचें वाटत नाहीं.

आतां त्या दुर्बिणींकडे वळूं. त्यांना केवळ आदिप्रकाशाची ऊब मोजावयाची नाहीं. त्यांना हवें आहे त्याचें ध्रुवण. हा शब्द अवघड वाटेल, पण गोष्ट घरच्या गच्चीवर पाहतां येते. दोराचें एक टोंक खुंटीला बांधून दुसरें हातानें हालविलें तर दोर वरखालीं नाचेल किंवा आडवा नाचेल. प्रकाशाचेंही तसेंच आहे. सूर्याच्या प्रकाशांत सर्व दिशांचें नाचणें सारखें मिसळलेलें असतें. पण तोच प्रकाश हवेच्या कणांवरून बाजूला विखुरला म्हणजे त्यांत एका दिशेचें नाचणें अधिक राहतें. ह्यालाच ध्रुवण म्हणतात. हल्लीं पोलरॉइड कांचांचे गॉगल मिळतात. सायंकाळच्या सुमारास सूर्य एका खांद्याकडे ठेवून समोरच्या निळ्या आकाशाकडे अशा कांचेंतून पाहावें व कांच हळूहळू फिरवावी. आकाश गडद होतें, पुन्हा उजळतें. आयुकेच्या हिरवळीवर नातवानें हा प्रयोग चारपांच वेळां करून पाहिला, आणि त्याचा आदल्या दिवशींचा हिरमोड तेथेंच विरला.

निळें आकाश जसें हवेच्या कणांमुळें, तसा आदिप्रकाश त्या शेवटच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळें किंचित् ध्रुवित झालेला आहे. त्या ध्रुवणाची आकाशभर जी नक्षी उमटली आहे, तिचे दोन प्रकार संभवतात. एकींतल्या रेषा ठिपक्याभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें किंवा धांवेप्रमाणें असतात. ही नक्षी द्रव्याच्या दाटी-विरळीमुळें उमटते. दुसरी भोंवऱ्यासारखी पिळलेली. आरशांत पाहिली तर उलट फिरणारी. विश्वाच्या अगदीं पहिल्या क्षणांत तें एकदम फुगलें असेल, तर अवकाशालाच हेलकावे बसले असतील. त्या गुरुत्वलहरींची खूण ह्या पिळदार नक्षींत सांपडावी अशी अपेक्षा आहे. पहिली नक्षी २००२ सालीं दक्षिण ध्रुवावरील 'डासी' ह्या यंत्रानें प्रथम दाखविली. तिची तीव्रता अंशाच्या कांहीं दशलक्षांशांएवढी. २०१३ सालीं ध्रुवावरीलच एका दुर्बिणीला पिळाचाही अंश आढळला. परंतु तो वाटेंतल्या आकाशगंगांच्या ओढीनें पहिल्याच नक्षीला पडलेला पीळ होता. पहिल्या क्षणाची म्हणून जी खूण, ती त्याहूनही क्षीण असावी, आणि ती आजपर्यंत कोणालाही सांपडलेली नाहीं.

ह्या दुर्बिणी दक्षिण ध्रुवावर कां? त्याचें कारण पाणी. हवेंतील वाफ ह्या लहरी गिळते आणि स्वतःही तशाच लहरी सोडते. आमच्या अणदुरांत चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात, जमिनीला भेगा पडतात, म्हणून कोणास वाटेल कीं येथील आकाश कोरडें असेल. तें तसें नाहीं. पावसाळ्यांत आमच्या डोक्यावरच्या हवेंतील सगळी वाफ पिळून काढली तर कित्येक सेंटिमीटर पाणी भरेल. दक्षिण ध्रुवावर, सुमारे २८०० मीटर उंचीच्या बर्फावर, तें एक मिलिमीटरही भरत नाहीं. तेथें सहा महिन्यांची रात्र; त्या काळांत विमानही जात नाहीं, आणि मूठभर माणसें दुर्बिणीजवळ राहतात. दुसरें स्थान चिली देशांतील आटाकामाचें वाळवंट. तेथें ५२०० मीटर उंचीवर २०२४ पासून सायमन्स वेधशाळेच्या दुर्बिणी काम करूं लागल्या आहेत. तिबेटांत चीननें ५२५० मीटर उंचीवर अशीच दुर्बीण उभारली आहे. आपल्या शास्त्रज्ञांनीं 'सीएमबी-भारत' नांवाचा बेत २०१८ सालीं इस्रोपुढें ठेविला तो अंतराळांत जाण्याचा. जेथें एका ढगासाठीं माणसें आभाळाकडे डोळे लावून बसतात, त्या मुलखांतल्या माणसाला हें ऐकून विस्मय वाटतो कीं, पृथ्वीच्या पाठीवर कांहीं माणसें निर्जल आकाश शोधीत ध्रुवापर्यंत जातात.

त्या दुर्बिणींपैकीं एकीचा इतिहास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तिचें नांव 'बायसेप-२'. खोडदची थाळी ४५ मीटरांची, तर हिचें मुख अवघें २६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाहूनही लहान. पण तिच्या आंत ५१२ सूक्ष्म संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर पाव अंशापर्यंत गार करून ठेविलेले. २०१० ते २०१२ अशीं तीन वर्षें ती आकाशाचा एकच तुकडा पाहात राहिली. १७ मार्च २०१४ रोजीं जॉन कोव्हॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, पिळदार नक्षी सांपडली. जगभर जयघोष झाला. नोबेलाची भाषा सुरू झाली.

आणि येथें आमचा भंडारा उपयोगी पडतो. आपल्या आकाशगंगेंत धुळीचे बारीक कण पसरलेले आहेत. चुंबकीय क्षेत्रामुळें ते एका वळणानें उभे राहतात, आणि त्यांतून निघणारी मंद ऊब ध्रुवित असते. 'प्लँक' ह्या युरोपीय उपग्रहानें त्या धुळीचा नकाशा काढला होता. दोन्ही मंडळ्यांनीं आपापलीं निरीक्षणें एकत्र करून तपासलीं, आणि २०१५ च्या आरंभीं निष्पन्न झालें कीं, ज्याला विश्वाचा पहिला हेलकावा समजले त्याचा मोठा भाग आपल्याच अंगणांतली धूळ होती. यात्रेंतल्या पिवळ्या धुराळ्यांतून पाहणाऱ्याला पांढरा अंगरखा पिवळा दिसावा, तसें झालें.

माझ्या मतें ह्या कथेचा खरा उत्कर्ष पुढें आहे. त्या मंडळीनें वाद वाढविला नाहीं, कीं दुर्बीण गुंडाळली नाहीं. धूळ कोणत्या लहरींत अधिक उजळते हें मोजण्यासाठीं निरनिराळ्या लहरींचीं नवीं यंत्रें त्याच बर्फावर बसविलीं, आणि २०२१ सालीं पूर्वीपेक्षां कितीतरी काटेकोर असा निकाल दिला: पहिल्या क्षणाची खूण अद्याप नाहीं, असलीच तर ह्या मर्यादेहून लहान आहे. त्यामुळें विश्वाच्या प्रारंभाविषयींच्या कित्येक साध्या, लोकप्रिय कल्पना बाद झाल्या. कांहींच न सांपडणें हाही लाभ असूं शकतो, तो असा.

घरीं परतल्यावर ओसरीवर अपेक्षित प्रश्न आलाच. माझे थोरले बंधु म्हणाले, "हंडाभर पाण्यासाठीं जेथें टँकरची वाट पाहावी लागते, तेथें ह्या चर्चेचा उपयोग काय?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याला वाकडें उत्तर देऊं नये. आदिप्रकाशानें विहिरीला पाणी लागणार नाहीं. पण प्रश्न विचारणारी बुद्धि दुष्काळी मुलखांतही उपजतेच, आणि तिला खाद्य न मिळालें तर तीही सुकते. शिवाय हा विषय आतां आमच्यापासून तितकासा दूर राहिलेला नाहीं. आमच्याच मराठवाड्यांत, हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिच्यासाठीं सुमारे २६०० कोटि रुपये मंजूर केले. त्याच वर्षीं जून महिन्यांत, वर्षानुवर्षें लांबीच्या गुरुत्वलहरींचा सुगावा लागल्याचें जगांतील अनेक मंडळांनीं एकाच वेळीं जाहीर केलें. त्यांत खोडदच्या दुर्बिणीचा वांटा होता. औंढ्यास आंखूड लहरी, खोडदला लांब, आणि दक्षिण ध्रुवावर विश्वाएवढ्या लांबीच्या. वीणा एकच, तारा तीन. त्यांपैकीं दोन मराठी मुलखांत आहेत, ही गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक असावी.

दुसरी सूचना आमच्या काकूंची. त्या म्हणाल्या, "हें सगळें आपल्या वेदांत आधींच आहे म्हणतात." मीं वेदपठण थोडें केलें आहे, म्हणून आदरपूर्वक सांगतों कीं, सूक्ष्मलहरी वेदांत नाहींत, व त्या तेथें शोधल्यानें वेदांची थोरवी वाढत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्तांत जें आहे तें निराळें आणि अधिक दुर्मीळ आहे. सृष्टि कोठून आली हें विचारून ऋषि शेवटीं असा संशय बोलून दाखवितो कीं, परमव्योमांत बसून जो हिच्यावर देखरेख करतो त्यालाही तें ठाऊक असेल, किंवा नसेलही. सूक्ताचा शेवट संशयावर करण्याचें हें धैर्य आमच्या परंपरेंत आहे. त्याचे वारस म्हणवून घ्यावयाचें असेल तर उत्तर आमच्याजवळ आधींपासूनच होतें असें म्हणत बसण्यापेक्षां प्रश्न जागता ठेवणें अधिक शोभेल.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंति एवढीच आहे. मुलें विचारतील, "जगाचा आरंभ कसा झाला?" तेव्हां त्यांना गप्प करूं नये, व घाईनें एखादें पाठ उत्तरही देऊं नये. जें मोजलें गेलें आहे तें सांगावें. जें मोजावयाचें राहिलें आहे, त्याच्यासाठीं ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या रात्रींत माणसें जागत आहेत, हें सांगावें. आणि मग, संकोच न करतां, "अजून सांपडलें नाहीं, बाळा" हें वाक्य त्यांच्या कानीं पडूं द्यावें. शाळेंत इतकीं वर्षें शिकवून माझी खात्री झाली आहे कीं, विद्यार्थ्याला मोठें करणारीं जीं थोडीं वाक्यें आहेत, त्यांत ह्याची गणना पहिल्या पंक्तींत व्हावी.